किंमत

किंमतीच्या चौकोनात कर्सर लुकलुकतोय.
फोटो तावेतनं चढवलेत सगळे :
हातमोजे, सपाता, किटलीची टोपी.
जाताना म्हणाला, "हेल्वे, तास मोज, गुणाकार कर, झालं."
पोराला सोपं वाटतं.

हातमोज्यांचं जमलं.
चार संध्याकाळी, दीड गुंडा लोकर,
टोचलेल्या बोटाचे पैसे लावले नाहीत.
किटलीची टोपी तर दुसऱ्याच दिवशी गेली
तार्तूच्या कुणा दंतवैद्याकडे.

राहिलं ते काळं ब्लँकेट.
त्यावर आमच्या मुहू बेटाची नारिंगी,
डोळ्यांत भरेल अशी, आणि खसखशीची फुलं.
दोन हिवाळे भरत होते ते
कुरेसारेच्या इस्पितळात, एंडेलच्या उशाशी.
नर्स सलाईन बदलायची, मी दोरा.
"आज कुठलं फूल?" विचारायचा तो.
मग नुसतं बोट दाखवायचा.
मग तेही नाही.
यातले तास कुठले धरू?
मी जागले ते, की त्याचा डोळा लागला ते?

कोपऱ्यात एक पान निळं आहे.
त्या रात्री वीज गेली, अंदाजानं टाके घातले.
उजाडल्यावर उसवायला बसले,
कात्री हातात घेतली, आणि ठेवून दिली.

म्हणून लिहिलं : दोन हजार युरो.
कुणी घेऊच नये असे.
दुकान भरलेलं दिसावं, एवढ्यापुरतं.

मंगळवारी फोन वाजला.
तुर्कूची कुणी आइला. घासाघीस नाही.
एकच प्रश्न : मशीनमध्ये धुता येईल का?

आधी हसू आलं, मग राग.
मग मी शेगडीतली राख काढली,
सकाळीच काढली होती तरी.

"पाठवायला तीन दिवस लागतील,"
दुकानाच्या पाटीवर मीच लिहिलेलं.
तिन्ही घेतले.
तिन्ही रात्री ते पांघरून झोपले, पहिल्यांदाच.
जड होतं.
एवढं जड, हे भरताना कळलंच नव्हतं.

वाण्याच्या दुकानाबाहेर पार्सलची कपाटं आहेत.
मधल्या मापाच्या खणात मावेना.
मोठा खण उघडला, बर्फ झटकलं,
वर चिठ्ठी ठेवली :
थंड पाणी. हातानं. पिळू नका.
निळं पान तसंच असू द्या.

घरी येते तो तावेत दारात.
"असंच आणखी एक मागतंय कुणीतरी. होईल?"

काळं कापड आहे, म्हटलं.
निळा दोरा तेवढा आणावा लागेल.