उडीपुरती जागा

बर्फ मी पाहिलाय तो लग्नातलाच :
भुशात लोळलेली लादी, पोत्यात गुंडाळून
वऱ्हाडाच्या ड्रमात सोडलेली.
त्यावर कुणी नाचतं, हे तेजलनं मोबाइलवर दाखवलं.
परदेशातली एक पोरगी, बुटाखाली पातं,
एका पायावर इतकी फिरली
की वाटलं, आता हिचा धागा सुटणार.

आमच्या परभणीत चार चाकं आणि सिमेंट.
स्टेडियमच्या मागं, पाण्याच्या टाकीखाली,
संध्याकाळी सहापर्यंत; मग क्रिकेटवाले येतात.
एप्रिलात फरशी अशी तापते
की पडलेल्या पोरी रडायच्या आधी उठतात.

ज्युनियरची निवड निघाली. अडीच मिनिटं.
मॅडमनी पेनड्राइव्ह दिला : पियानो.
"सगळ्या हेच घेतात, परीक्षकांच्या कानाला सवय आहे."
तेजलनं दोनदा ऐकलं.
"अप्पा, पाहुण्याच्या घरी
सोफ्याच्या काठावर बसल्यागत होतंय."
मग म्हणाली, "ते वाजवा ना, परत येतानाचं."

परत येतानाचं म्हणजे तसं काहीच नाही.
सेलूला, जिंतूरला वरात पोचली,
नवरदेव घोड्यावरून उतरला
की आम्हाला कुणी विचारत नाही.
टेम्पोत ढोल, लाल कोट काढून मांडीवर,
आणि मी क्लॅरोनेट तोंडाला लावून, उगीच,
रीड ओली आहे तोवर.
पाच वर्षांची असताना यायची माझ्यासोबत,
बँडच्या टोपीत तोंड खुपसून झोपायची.
मला वाटायचं, झोपायची.

खोलीच्या दाराला गोधडी लावून रेकॉर्ड केलं.
"अप्पा, इथं थांबा."
इथं सूर तुटतो, बाई.
"तुटू द्या. मला उडायला जागा पाहिजे.
तुम्हाला श्वास भरायला लागते तेवढीच."
एकोणतीस वर्षं वाजवतोय.
श्वास ऐकू येऊ नये, एवढंच शिकलो;
त्यासाठी उस्तादांच्या हातचा मार खाल्लाय.

निवडीच्या टेबलावर फॉर्म.
संगीताचा प्रकार : पाश्चात्त्य, की लोकसंगीत?
वाद्य विलायती. चाल माझी. टेम्पो मानवतच्या शेख यांचा.
एक साहेब बोटं मोजत म्हणाले, तीनचा ठेका, वॉल्ट्झ लिहा.
शेजारच्या बाई म्हणाल्या, छान, मातीतलं आहे हो,
मग नऊवारी का नाही शिवली?
तेजल स्वतःच्या चाकांकडं बघत राहिली.
मी रकाना मोकळा सोडला.

तिच्या आधी तिघींना तोच पियानो.
चांगल्या फिरल्या, खोटं का बोलू.
तिसरीला तर मीच मनात साथ धरली.

मग कर्ण्यातून माझा श्वास आला.
एवढा मोठा. टाकीवरची कबुतरं उठली.
साउंडवालं पोरगं वायर हलवायला लागलं,
त्याला वाटलं खरखर.
तेवढ्यात तेजल जमिनीवर नव्हती.

दीड फेरा.
उतरताना हात टेकला.
मागं घरच्या कुकरची शिट्टी, बारीक,
ती फक्त आम्हा दोघांना ऐकू आली.

चौघी घेतल्या. ही पाचवी, राखीव.
राखीव म्हणजे कुणाचा तरी पाय मुरगळायची
वाट बघत बसायचं; ते काही तिला जमायचं नाही.
रसवंतीत ग्लासातला बर्फ कडाकडा चावत म्हणाली,
"जागा पुरत होती अप्पा.
मीच पाय उशिरा उचलला."

दुसऱ्या दिवशी पाथरीची वरात.
डीजेच्या गाडीमागं आम्ही सात जण.
फर्माइशीच्या गाण्यात, कडव्याच्या तोंडाशी,
मी थांबलो.
ठरवून नाही.
ढोलावरचा सखाराम वळून बघायला लागला,
"दम लागला का, उत्तमभाऊ?"
नाचणाऱ्या पोरांचा
एकेक पाय वरच राहिला होता.