निशाणी

गुरुवारपर्यंत एक माणूस शंभर शब्दांत बसवायचा आहे मला,
पितळी पाटीवर.
अमान्सिओ फुर्ताडो. संपादक. गिरणीकामगारांचा कैवारी.
फॉल रिव्हरच्या पोर्तुगीज वस्तीत त्याच्या नावाची शाळा आहे,
आणि एक पावाची भट्टीसुद्धा.

चरित्रं दोन. दोन्हींत तो
जन्मल्यापासून टेबलाशी बसून लिहितोच आहे.
म्हणून लायब्ररीच्या तळघरात उतरले,
पासपोर्टच्या जुन्या अर्जांपाशी.
एका फायलीत चार अर्ज, गंजक्या टाचणीत.

सरकार विचारतं तेवढंच विचारतं.
कपाळ? मध्यम. हनुवटी? गोल. नाक? सरळ.
सात वर्षांनी, नाक? डावीकडे कललेलं.
मधे तो मोठा संप होऊन गेला होता.
संपाला चरित्रात एकवीस पानं आहेत,
नाकाला अर्धी ओळ नाही.

उंची पाच फूट साडेसात. मग सात. मग सहा.
केस काळे, केस करडे, केस
आणि पुढे नुसती रेघ.

कोणत्या जहाजाने आलात?
पहिल्या अर्जात एक नाव, दुसऱ्यात भलतंच,
तिसऱ्यात 'स्मरत नाही'.
सैन्यभरती चुकवायला पंधराव्या वर्षी
रात्री बेटावरून पोहत निघालेल्या पोराला
देवमाशांच्या शिकाऱ्यांनी दोर टाकला असेल,
नाव कशाला सांगतील?

प्रवासाचं कारण : आईला भेटणे.
प्रवासाचं कारण : आईला भेटणे.
प्रवासाचं कारण : आईच्या घराची विक्री.

आणि सही.

१८९२. सहीच्या जागी फुली.
एक रेघ लांब, एक आखूड,
जोर इतका की कागद फाटलाय.
शेजारी कारकुनाचा कोरडा हात : 'निशाणी, अर्जदाराची.'
साक्षीदार : डेल्फिना रेझेंडेस, खानावळ चालवते.
अर्जदाराला किती वर्षं ओळखता? दोन.

१८९९. अक्षरं आहेत.
जिना चढणाऱ्या म्हाताऱ्यासारखी, पायरीगणिक थांबत,
पण पोचली आहेत वर.
साक्षीदार तीच. नऊ वर्षं.
(वर्तमानपत्र निघालं त्यानंतर दोन वर्षांनी.
पहिला अग्रलेख शाळेत अजून पाठ करून घेतात.)

१९०९. सही आता पळते,
आणि 'डी'ची उभी रेघ वर जाऊन मागे वळते, गाठ घेते.
मी भिंग खाली सरकवलं.
रेझेंडेसमधला 'डी' :
तसाच वर जातो, तसाच वळतो, तीच गाठ.
एकोणीस वर्षं.

चरित्रांत ती एका तळटीपेत आहे.
'घरमालकीण.' भाडं किती घ्यायची, तेही दिलंय.

चौथा अर्ज त्याचा नाहीच.
कुणीतरी चुकून ठेवला या फायलीत, किंवा
चुकून नाही.
१९२३. रेझेंडेस, डेल्फिना. विधवा, वय चौसष्ट.
डोळे : तपकिरी. खुणा : मोतीबिंदू, दोन्ही.
कारण : लिस्बन, शस्त्रक्रिया.
सहीच्या जागी फुली,
चौकट चुकलेली, तिरकी, जवळजवळ समासात.

साक्षीदार : ए. फुर्ताडो.
अर्जदाराला किती वर्षं ओळखता?
त्याने लिहिलं होतं :
'मी फुली होतो तेव्हापासून.'
कारकुनाने लाल शाईने ते खोडलं,
वर लिहिलं, तेहेतीस.

पासपोर्ट मिळाला का? डोळे आले का?
फाईल इथे संपते.

आज थिबोदोच्या दुकानात गेले, पाटी कोरून घ्यायला.
अक्षरामागे दर आहे त्याचा, स्वल्पविरामाचेही लावतो.
सव्वीस शब्द काढून टाकले होते मी, संपाचे, सभांचे,
एका राज्यपालाच्या भेटीचे,
आणि डेल्फिनाचं नाव घातलं होतं, पूर्ण.
शेवटी कोपऱ्यात एक फुली काढायला सांगितली.

'चूक झाली की मारतात ती?'
'ती नाही,' म्हटलं. मग म्हटलं, 'हो, तीच.'

चष्मा कपाळावर ढकलून त्याने जरा विचार केला.
'फुलीचे काय पैसे घ्यायचे,' म्हणाला,
'ती कुणालाही येते.'