उलटी बाजू

चादर घेताना आम्ही आधी ती उलटी करतो.
सुलट बाजूचा मोर काय, कुणालाही आवडतो;
मागे धागे कसे सोडलेत, गाठ कुठे मारलीय,
ते बघून भाव ठरतो.

म्हणून हत्तरकींच्या पोर्चमध्ये
मी आधी पाठीवर झोपलो, गाडीखाली.
बॅटरीची पेटी. तिच्यावर एक ओरखडा, बोटभर.
"स्पीडब्रेकर," ते म्हणाले, "होटगी रोडचा. चूक माझीच."
एवढं खरं कोण सांगतं,
म्हणून मला उलट शंका आली.

पांढरी गाडी. चार वर्षं, एक्केचाळीस हजार किलोमीटर.
स्रवंतीनं स्टिअरिंगखाली अंगठ्याएवढं यंत्र खुपसलं
आणि मोबाईलवर वाचलं : बॅटरी सत्त्याऐंशी टक्के.
म्हणजे तेरा टक्के गेली?
"गेली नाही बाबा, थकली."
मी छप्पन्न वर्षांचा. माझे किती टक्के उरलेत
ते सांगणारं यंत्र तिनं अजून आणलेलं नाही.

रज्जाकभाईंना मुद्दाम नेलं होतं.
तीस वर्षं नुसत्या आवाजावरून
ते सांगत आलेत, कुठला वॉल्व्ह, कुठलं बेअरिंग.
बॉनेटला कान लावला. बराच वेळ लावला.
"चालू आहे?"
"चालूच आहे की."
मग त्यांनी रुमालानं कान पुसला,
टायर दाबले, चारी दारं आपटून बघितली,
आणि "तुम्हीच बघा येमुल," म्हणून
गेटपाशी बिडी ओढत उभे राहिले.
त्यांना आणायला नको होतं.

कंपनीच्या कागदावर तीनशे बारा.
"ते कागदावर," हत्तरकी म्हणाले.
"मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसला, एसी लावून, चौघं बसून
एकशे नव्वद धरा. त्यावर भरवसा ठेवू नका."
लातूर एकशे पंचवीस. थोरलीचं सासर.
जायला पुरते. यायचं तर तिच्या दारात
एक रात्र गाडी लावून ठेवावी लागेल.
राजमणीला तेवढंच निमित्त हवं होतं.

तुळजापूरच्या घाटापर्यंत जाऊन आलो.
चढताना आकडे भराभर पडले, माझ्या पोटात गोळा.
उतरताना पाय काढला
आणि एकसष्टचे बासष्ट झाले.
पुन्हा बघितलं. बासष्ट.
उतारावर मला आजवर कुणी काही परत दिलं नव्हतं.

येताना राजमणी मागच्या सीटवरून पुटपुटली, तेलुगूत :
"दहा हजार उतरेल हा माणूस, घाई करू नका."
मला ऐकू आलं.

हे सांगायला हवं. मागांच्या खडखडाटात बत्तीस वर्षं गेली,
डावा कान जवळजवळ नाहीच, उजवा अर्धा.
रिक्षात, जीपमध्ये ती माझा खांदा धरून ओरडते.
आज पुटपुटली, आणि शब्द न् शब्द.
मी गाडी हळू करून मागे वळलो.
तिला वाटलं, रागावलो.

हत्तरकींनाही ऐकू आलं.
लिंगायत माणूस, पण वाढलेला साखर पेठेत;
तेलुगूतच म्हणाले, "दहा नाही वहिनी, सात."
मग रूपाभवानीच्या चौकापर्यंत कुणीच बोललं नाही,
आणि गाडी तर बोलतच नव्हती.

वॉरंटी आपल्या नावावर होते का, शोरूमला विचारायचंय.
विम्याची तारीख स्रवंतीनं लिहून घेतलीय.
टोकन पाच हजार दिलं, पावती घेतली.
रज्जाकभाई पावतीवर साक्षीदार.

घरी येऊन शेड उघडली.
चार नंबरचा माग गेल्या दिवाळीत भंगारात गेला, किलोवर.
बोर्ड तेवढा भिंतीवर राहिलाय,
वर तेलरंगात वडिलांच्या हातचा आकडा : ४.
वायरमन सोमवारी येतो म्हणालाय.
खाली गाडी मावते का, टेपनं मोजलं.
आरसे दुमडले तर मावते.