दोन खिळे, एक सूत

दुपारी अडीचला लाइट गेली
आणि अशोक चौकाजवळच्या शेडमधले चोवीस माग
एका दमात गप्प झाले.
कानात तरी खडखडाट चालूच, बराच वेळ.

मी नववीत. गुंडेटी सरांनी आणायला सांगितलेलं
एक फळी, दोन खिळे, सूत घरचंच.
सुताचा फास दोन्ही खिळ्यांभोवती सैल टाकायचा,
पेन्सिलीनं ताणायचा,
ताण न सोडता फिरत राहायचं.
निघालं ते वर्तुळ नव्हतं,
थापताना एका अंगाला ओढलेली भाकरी.

नायना घाम पुसत वाकले.
"सूर्य कुठं?"
ह्या खिळ्यावर.
"आन् त्याच्यावर?"
काहीच नाही.
"काहीच नाही, तर ठोकला कशाला?"
तो काढला तर नुसता गोल उरतो, म्हटलं.
त्या खिळ्याकडं ते बघत राहिले.

मग वेगाचं सांगितलं:
जवळ आली की पृथ्वी पळते, लांब गेली की रेंगाळते,
पण सूर्यापासून तिच्यापर्यंतची रेघ
सारख्या वेळात सारखंच क्षेत्रफळ झाडून काढते.
हे त्यांना लगेच पटलं.
"पन्हा कमी, तर लांबी जास्त. कापड तेवढंच.
आमचा शेठ काय वेगळं मोजतो?"

पटलं नाही ते भलतंच:
की ती सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीत,
होम मैदानावर गड्ड्याचे पाळणे उभे राहत असतात
आणि आपण कानटोपी शोधत असतो तेव्हा;
आणि मे महिन्यात, पत्र्याखाली उभं राहवत नाही तेव्हा
ती लांब लांब निघालेली असते.
"लांब जाऊन एवढं भाजतं?"
तिरकी आहे ती, म्हणून.
"हां," ते म्हणाले, "तिरकं असलं की भाजतंच."

तिसरा नियम मी सांगणार नव्हते.
राजेशम अण्णा भिवंडीला होता, दर दिवाळीला यायचा.
मग मस्कतला गेला, चौपटीहून लांब.
अंतर चौपट, तर फेरा आठपट:
वहीत मांडून पाहिलं होतं, पान दुमडून ठेवलं होतं.
"अजून एक हाय म्हणालीस ना?"
तो परीक्षेला नाही, म्हटलं.

साडेतीनला लाइट आली. चोवीस माग एकदम.
नायना ओरडून काहीतरी बोलले,
मला ओठ तेवढे दिसले.

फळी अजून भिंतीला टेकून आहे.
रेघ केव्हाच गेली, कापसाच्या भुग्यात.
रिकाम्या खिळ्याला नायना शर्ट अडकवतात,
पाळीला उभं राहण्याआधी.