पासष्ट किलो गट

गोठिवलीच्या मैदानात, मंचाच्या डाव्या अंगाला
ताडपत्रीखाली माझं टेबल.
दोन कॅमेरे, एक लॅपटॉप, तीन कंपन्यांची सिमकार्डं
आणि पंख्याकडे तोंड करून ठेवलेला राउटर,
कारण तो माणसाआधी तापतो.

महिन्याला एकोणपन्नास रुपये.
आज दोनशे सतरा जण बघतायत.
क्रिकेटवाल्यांना हा आकडा सांगू नका,
त्यांच्या चहावाल्याकडे याहून गर्दी असते.
पण मला यातले बरेच ठाऊक आहेत:
मस्कतचा क्रेनवाला, पलूसचे दोघे भाऊ,
आणि दिघ्यात तिसऱ्या मजल्यावर
पाय प्लास्टरमध्ये घालून बसलेले नारायण मढवी,
ज्यांच्या मोबाइलमध्ये सकाळी मीच सगळं जोडून आले.

आधी मी हळदी शूट करायचे, रात्र रात्र.
कॅमेऱ्याच्या पट्ट्यावरचा पिवळा डाग अजून गेला नाही.
त्याच्या शेजारी आता तपकिरी बसलाय,
पोरं अंगाला फासतात त्या रंगाचा.
इथल्या पुरुषांना रंगवून उभं करायची खोड जुनीच,
एकदा लग्नाला, एकदा याला.

हरेश्वर मढवी. कमरेला बिल्ला अठरा.
रबाळ्याच्या कारखान्यात पॅकिंगला, दुसरी पाळी.
चार दिवस मीठ नाही, कालपासून पाणी नाही.
मघाशी टेबलापाशी आला,
माझ्या बाटलीकडे बघत राहिला,
मग म्हणाला, "ताय, बाबाला दिसंल ना?"
दिसेल, म्हटलं.

माइकवर दामूअण्णा, स्वतः कधीकाळचे ऐंशी किलो:
"पाठ बघा मंडळी, घोडबंदर रोड!
मोकळी जागा दाखवा, बक्षीस घेऊन जा!"
लोक हसले. हरेश्वर वळला
आणि त्याने दोन्ही दंड उचलले.
त्याच क्षणी चारशे लोकांनी
चारशे मोबाइल उचलले,
आणि माझी तिन्ही सिमकार्डं मुकी झाली.

स्क्रीनवर तो थांबला.
मान ताठ, दंड पूर्ण चढलेले, ओठांवर हसू,
आणि छातीच्या मधोमध ते गोल चाक
फिरत राहिलं,
अजून गळ्यात न पडलेल्या पदकासारखं.

मैदानात मात्र त्याच्या उजव्या पोटरीत गोळा आला.
गुडघा थरथरला, हसू एका बाजूला सरकलं,
मग तो पडला. आवाज न करता,
भिंतीला टेकवलेली ओली गादी घसरावी तसा.
दोघांनी उचलून नेला.
दामूअण्णांनी माइकवर हात ठेवला.

एक मिनिट चाळीस सेकंद.
सिग्नल परतला तेव्हा मंच रिकामा,
एक पोरगा फळ्यांवरचा तपकिरी ठसा फडक्याने पुसत होता.
फोन वाजला.
"बाय गो, कवरा येल उभा होता पोर!
मी मोजला. शंबरपर्यंत मोजला.
पापनी पन नाय हालली त्याची!"
मी म्हटलं, हो काका.
दुसरं काय म्हणणार होते.

परवा पेपरात चार ओळी आल्या, टेंडर नोटिशीखाली.
विजेत्याचं नाव बरोबर, गाव चुकलेलं.
अठरा नंबरचा उल्लेख नाही.

कार्डात सगळं आहे, पडणं धरून.
हळदीतून मी किती काय कापलंय:
झिंगलेला मामा, मोरीत रडणारी धाकटी बहीण.
कुणी विचारलं नाही.
पण इथे लोकांनी पैसे मोजलेत अख्ख्या स्पर्धेचे.

संध्याकाळी तो आला, लंगडत.
"ते कापू नको. कुठला पाय आधी गेला, बघायचंय."
सात वेळा बघितलं, मागेपुढे करत,
जणू दुसऱ्याच कुणाची पोटरी.
मी विचारलं, आणि बाबा?
तो थोडा वेळ गप्प.
"त्याची मुदत तीस तारखेला संपतेय.
तू एक तारखेला टाक.
आणि पुढचे एकोणपन्नास त्याचे भरू नको."

मग माझी बाटली उचलली,
आणि उभ्यानेच, डोळे मिटून,
शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.