दोन गोणी

चव्वेचाळीसच्या सप्टेंबरात, मिशिगनमध्ये,
शाळेला अर्धी सुट्टी होती शेंगा तोडायला.
झाड आपल्या रुईचंच भावंड,
पान मोडलं की तसाच पांढरा चीक.
फक्त त्या पानांची माळ घालावी
असा कुणी देव नव्हता त्या गावात.

गावाला हवा होता शेंगांतला कापूस.
दोन गोण्यांत एक जाकीट,
एका जाकिटात एक खलाशी तरंगतो,
बाईंनी फळ्यावर गणित मांडलं होतं,
खाली लिहिलं होतं : बोटं चोखू नका.

व्हेल्मा ऑस्ट्रँडरचा भाऊ समुद्रावर होता.
तिनं अकरा गोणी भरल्या.
म्हणजे साडेपाच भाऊ.

एका पानाखाली अळी होती, पट्ट्यापट्ट्यांची.
आधी शीर कुरतडून चीक वाहू द्यायची,
मग उरलेलं विष सावकाश जेवायची.
गाई ज्याला तोंड लावत नव्हत्या
ते हिच्या अंगाला लागत होतं.

व्हेल्मानं ती बरणीत ठेवली.
कोशात म्हणे सगळं विरघळतं,
जबडे, आखूड पाय, सरपटणं.
कडू तेवढं विरघळत नाही.
ते पंखांत जाऊन बसतं.

नारिंगी पंख कुंपणावर वाळत होते,
तेवढ्यात निळ्या पक्ष्यानं टिपलं.
गिळलं. थांबला. पिसं फुलवली.
मान खाली घालून ओकला,
आणि चोच तारेला पुसत राहिला,
पुसत राहिला.

व्हेल्माला रडू नाही, राग आला :
एवढं कडू होऊन
मेलंच की ते!

पण त्या आठवड्यात त्याच्या डोळ्यांदेखत
कितीतरी नारिंगी दक्षिणेकडे गेली.
त्यात काही सौम्य पानांवर वाढलेलीही असणार,
अंगात विषाचा थेंब नसलेली.
त्यांनाही त्यानं वाट दिली.

क्लेटन सेहेचाळीसमध्ये परत आला.
जेवताना मामानं विचारलं,
किती तास होतास रे पाण्यात?
क्लेटननं सांगितलं. तास, आणि बाकीचंही.
मामानं चमचा खाली ठेवला,
अंगणात जाऊन बराच वेळ उभा राहिला,
आत आला तो मक्याच्या भावाबद्दल बोलत.

त्यानंतर त्या घरात कुणी युद्धाचं नाव काढलं नाही.
व्हेल्मापुढेही नाही,
जिनं समुद्र पाहिलाच नव्हता.

त्या संध्याकाळी ती कुंपणापर्यंत गेली,
एक पान मोडलं,
आणि बाईंनी बजावलेलं असूनही
बोट जिभेला लावलं.