जायची वेळ

राळेगावच्या पुढे फाट्यावर जिनिंग.
आत सरकीचा डोंगर,
आणि ऑफिसात, कपाटाच्या डोक्यावर,
राउटर, रुईच्या पुंजक्यात अर्धा बुडालेला.
पाखरानं अंडी घालायची तेवढी बाकी.

मी नकाशा काढायला आले होते.
गठाणीच्या पट्टीमागे, पेन्सिलनं:
इथे वजनकाटा, इथे हिशेबाची दोन मशीनं,
इथे मालकांची केबिन, इथे अकरा कॅमेरे,
अकरांनाही एकच पासवर्ड,
कॅलेंडरवर एकादशीच्या रकान्यात लिहिलेला.
आणि सगळं एकाच तारेवर,
लग्नघरी एका दोरीवर साऱ्या पाहुण्यांचे कपडे वाळावेत तसं.

गेल्या हंगामात एका रात्रीत
सगळी खाती कुलूपबंद झाली.
पडद्यावर लाल अक्षरं, खंडणीचा आकडा,
आणि बाहेर डांबरी रस्त्यापर्यंत
कापूस भरून उभे ट्रॅक्टर.
"कुंपणच शेत खाते, मॅडम," ढुमणे मालक म्हणाले
आणि काट्यावरच्या निकेशकडे पाहिलं.
पोरानं मान खाली घातली,
वर्षभर घालतच आला असावा.

मी नोंदी पाहिल्या. दोन रात्री पाहिल्या.
निकेश नव्हता.
एक बिल आलं होतं, ओळखीच्या नावानं,
रेवतकर बाईंनी उघडलं.
बिलं उघडणं हेच तर त्यांचं काम.
त्यानंतर आतल्या एकाही दारानं
विचारलं नाही, तू कोण.

रात्रीचा चौकीदार झिबल कोडापे
चहा ठेवून पट्टीकडे बघत राहिला.
"वावर हाय का थे?"
समजा वावरच, म्हटलं.
"मंग एका तारेनं काय होते बाई?
रोही वरून उडी मारते. डुक्कर बुडातून घुसते.
माकड तं झाडावरून येते, त्याले तार दिसतच नाई.
आन् माणूस येते थो फाटकातूनच येते,
राम राम करत."

मी खोडलं. पुन्हा काढलं.
काट्याचं वावर वेगळं, हिशेबाचं वेगळं,
मधे धुरा, धुऱ्यावर एकच वाट,
वाटेवर विचारणारा.
कॅमेऱ्यांना बाहेर तोंड नाही.
पाहुण्यांचं वायफाय पार तिकडे, नाल्यापल्याड.
ज्याचं जेवढं काम, त्याच्याकडे तेवढीच किल्ली.
मालकांना सगळ्या पाहिजे होत्या.
नाही म्हटलं.
बराच वेळ नुसता पंखा वाजत राहिला.
"जिनिंग माझीच आहे ना?" म्हणाले, हसले नाहीत,
पण सही केली.

उरला एक चौकोन.
त्या रात्रीतून वाचलं होतं काय?
झिबलची वही.
गाडीचा नंबर, गाव, माणूस, आत, बाहेर,
आणि काट्याची चिठ्ठी पाहून वजनसुद्धा,
कुणी सांगितलं नव्हतं, सवयीनं.
तिच्यावरून तीन दिवसांचे चुकारे झाले.
म्हणून नकाशात, साऱ्या तारांपासून हातभर दूर,
मी एक पेटी काढली, कशालाच न जोडलेली:
रोज रात्री प्रत उतरवायची,
आणि वायर काढून कपाटात ठेवायची.
निकेशकडे दिली तिची किल्ली. मुद्दाम.

शेवटच्या दिवशी मी माझं स्वतःचं खातं पुसलं.
बोट थबकलं, खोटं कशाला बोलू.
एखादी मागची खिडकी ठेवावी,
त्यांच्याच सोयीसाठी,
असं प्रत्येक ठिकाणी वाटतं.

फाटकाशी स्कूटी आणली तेव्हा अंधार पडला होता.
झिबलनं साखळी सोडली नाही.
"तुमी आल्या थे लिवलं हाय, सव्वानऊ.
जायची येळ लिवा."
लिहिली.
त्यानं बॅटरीच्या उजेडात
आपल्या घड्याळाशी ताडून पाहिली.
दोन मिनिटं पुढे होती.
खोडायला लावली.